नानांनी पंखा बसवला

संगणक उघडण्यात काहीही अवघड नसतं, मागचे स्क्रू काढायचे आणि बाजूचा पत्रा सरकवायचा, असं नानांना ज्या गृहस्थांनी सांगितलं त्यांच्या घरी संगणक नव्हता. ही गोष्ट नानांच्या ध्यानात आली, पण पत्रा निघाल्यावर. खरं सांगायचं तर पत्रा निघून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडल्यावर.

हे गृहस्थ म्हणजे वरच्या मजल्यावरचे मॅनेजर. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हाताखाली माणसं असण्याची सवय सुटली नव्हती. इमारतीत कुठेही ठोकाठोकीचा आवाज झाला की ते खाली उतरत, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि "हं, चालू द्या," म्हणत. त्यांनी "चालू द्या" म्हटलं की चाललेलं काम हमखास थांबतं, असा सगळ्यांचा अनुभव होता. तरी त्यांना कोणी काही बोलत नसे, कारण शिडी फक्त त्यांच्याकडे होती.

तर पत्रा निघाला आणि आतला देखावा पाहायला नाना, नानी आणि मॅनेजर तिघंही वाकले. आत धूळ होती. नुसती पुसून जाणारी नव्हे, थर बसून तिची चांगली रजई झालेली.

"आपल्या बेबीच्या शाळेपासूनची असणार," नानी म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते, अहो, आतूनही पुसा. पण या घरात माझं ऐकतंय कोण!"

"हात लावू नका," मॅनेजर म्हणाले. "कधीकधी धुळीमुळेच सगळं जागच्या जागी राहिलेलं असतं."

नानांनी जुना रंगाचा ब्रश आणून धूळ काढली तेव्हा त्यांना हवी होती ती वस्तू दिसली. संगणकाचा मेंदू म्हणजे एक चपटी चौकोनी चकती असते. विचार करायला लागली की ती तापते, म्हणून तिच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा आणि ठोकळ्यावर पंखा बसवलेला असतो. नानांच्या संगणकात हा ठोकळा ज्या प्लॅस्टिकच्या कानांना धरून होता, त्यातला एक कान वयोमानाने तुटला होता. ठोकळा एका बाजूला कलला होता आणि पंख्याने तर मानच टाकली होती. त्यामुळे संगणक सुरू व्हायचा, जरासा विचार करायचा, तापायचा आणि काळा पडायचा.

आता एवढ्या जुन्या संगणकाच्या मागे हा माणूस लागलाच कशाला, असं कोणालाही वाटेल. नाना पंखा विचारायला गेले तेव्हा दुकानदारालाही वाटलं. "काका, हा कशाला दुरुस्त करता?" तो म्हणाला. "याच्यापेक्षा जास्त डोकं हल्ली कपडे धुण्याच्या मशीनला असतं." नाना दुकानाबाहेर पडले. दुकानदार म्हणत होता ते खोटं नव्हतं, पण तोंडावर म्हणायची काही गरज नव्हती.

कारण असं होतं. नानांचा सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून गेला. शहरातला कुठला नळ कुठल्या रस्त्याखालून कुठल्या कोपऱ्यावर वळतो, हे कागदावर काढण्यात त्यांनी हयात घालवली. संगणक आले तेव्हा कचेरीतले बाकीचे ड्राफ्ट्समन त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. नानांनी मात्र हौसेने एक घरी आणला. त्यासोबत नकाशे काढायचा एक प्रोग्रॅमही घेतला. तो प्रोग्रॅम फक्त त्या एका यंत्रावर चालायचा आणि त्यात काढलेलं दुसरीकडे कुठेच उघडायचं नाही. त्या वेळी नानांना यात प्रोग्रॅमचा एकनिष्ठपणा दिसला होता.

मग रोज संध्याकाळी कचेरीतून आले की नाना संगणकापुढे बसायचे आणि शाळेतून आलेली बेबी त्याच खुर्चीत, उरलेल्या जागेत. पंखा घुं घुं करायला लागायचा. त्या आवाजाने वरच्या मजल्यालाही कळायचं की नाना बसले. आणि ती दोघं मिळून घर काढायची. खरं घर बांधायची काही ऐपत नव्हती, त्यामुळे घर चांगलं मोठं होतं. आज एक खोली, उद्या एक जिना. कुठली भिंत कुठे, यावरून बापलेकीचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि नानी आतून जेवायला हाका मारून दमायची. नानांना विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ तोच. पण त्यांना असलं कोणी विचारत नाही, हीच तर अडचण होती.

बेबी मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तरी बेबीच राहिली. आणि आता ती खरंच घर बांधत होती. त्यासाठी तिने आर्किटेक्ट नेमला होता. नेमावा, नानांचं काहीच म्हणणं नव्हतं. पण ज्या माणसाने सगळ्या शहराच्या पोटातले नकाशे काढले त्याला पोटच्या पोरीने एका शब्दानेही विचारू नये? बेबीने नकाशा दाखवायला आणला तेव्हा नानांनी चष्मा सापडत नसल्याचं सांगितलं. चष्मा नाकावर होता.

"आम्ही काय बुवा, नळ काढणारी माणसं," ते म्हणाले. "आम्हाला घरातलं काय कळणार!"

बेबीने नकाशा गुंडाळून ठेवला. त्यानंतर नाना बरेच दिवस उदास होते आणि आपण पोटदुखीने उदास आहोत असं सांगत होते.

आणि मग तिचा फोन आला.

"बाबा, आपण तेव्हा संगणकावर घर काढायचो ना, ते अजून आहे का हो?"

"का गं?"

"त्यात खिडकीतली बैठक होती बघा, ती लांबच्या लांब. मला तीच हवी आहे. पण आर्किटेक्ट म्हणतो, खिडकीत एवढी लांब बैठक कशाला, जागा फुकट जाते. मला काही त्याला पटवता येईना. म्हणाला, मूळ नकाशा असेल तर दाखवा, नाहीतर मी काढून टाकतो. सोमवारी सगळं पक्कं होतंय. मी रविवारी आले तर दाखवाल?"

"दाखवाल म्हणजे? ये की!" नाना म्हणाले, आणि पोटदुखी थांबली. फोन ठेवून त्यांनी संगणकावरचं फडकं काढलं आणि बटण दाबलं. पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

दुकानदाराने एवढं मात्र केलं, की या जातीचा पंखा आता दुकानात मिळत नाही, पण याच्यावर बसेल असा दुसरा मागवता येतो, असं सांगून त्याचं नाव कागदावर लिहून दिलं. नानांनी तो मागवला. तो येईपर्यंत जुना काढून ठेवावा असं ठरलं. ठरवलं मॅनेजरांनी.

मॅनेजरांनी कुठेतरी वाचलं होतं की माणसाच्या अंगात वीज असते आणि ती बोटातून निसटून संगणकाच्या मेंदूला मारू शकते. उपाय सोपा. काम करताना अधूनमधून लोखंडी नळाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज नळातून निघून जाते.

"पण नळ स्वयंपाकघरात आहे," नाना म्हणाले.

"मग संगणकही स्वयंपाकघरात न्या," मॅनेजर म्हणाले. "हं, चालू द्या."

संगणक ओट्यावर गेला. गॅसची शेगडी हॉलमध्ये जाऊ शकत नव्हती म्हणून ती तिथेच राहिली, आणि नानीला स्वयंपाकासाठी तिच्याच ओट्यावर वीतभर जागा मिळाली. नाना एक स्क्रू फिरवायचे आणि नळाला हात लावायचे, पुन्हा एक स्क्रू, पुन्हा नळ. ओला हात विजेच्या वस्तूला लावू नये हेही मॅनेजरांनीच बजावलं होतं, त्यामुळे मध्ये पंच्याला हात पुसणं आलं. नानी बराच वेळ हे पाहत होती. शेवटी तिने विचारलं, "हे तुम्ही संगणक दुरुस्त करताय की त्याचं काही व्रत घेतलंय?"

जुना ठोकळा निघेना. चकती आणि ठोकळा यांच्यामध्ये एक राखाडी मलम लावलेलं असतं. चकतीची उष्णता ठोकळ्याकडे पोचवायचं काम त्याचं. इतक्या वर्षांत ते वाळून सिमेंट झालं होतं. नानांनी हलवून पाहिलं, गोंजारून पाहिलं. मॅनेजर म्हणाले, "सरळ वर ओढा, एका दमात." नानांनी एका दमात ओढला. कटकन आवाज झाला आणि ठोकळा हातात आला. त्याच्या बुडाला चिकटून मेंदूही आला.

मग मॅनेजरांनी वर दूध तापत ठेवल्याची आठवण झाल्याचं सांगितलं. मॅनेजर एकटे राहत आणि दूध पीत नसत.

चकतीच्या खाली केसासारख्या बारीक टाचण्यांची दाट रांग असते. त्यातल्या कोपऱ्यातल्या काही वाकल्या होत्या. नाना खुर्चीत बसले. बेबी रविवारी येणार, आपण "ये की" म्हणून बसलो, आणि बेबीचं घर आपण आपल्या हाताने, नळाला हात लावून लावून मोडलं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. नानीने चहा ठेवला, तोही त्या वीतभर जागेत.

"तुमची ती बारीक शिशाची पेन्सिल आहे ना," ती म्हणाली, "कचेरीतली. तिच्यातलं शिसं काढून बघा. ते टोक बसतंय का टाचणीवर."

नानांनी पेन्सिल आणली. रिकामं टोक टाचणीवर अगदी बेताचं बसलं. मग त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं आणि श्वास रोखून एकेक टाचणी सरळ केली. जन्मभर कागदावर सरळ रेघा मारलेला हात होता, तो आता कामाला आला. चकती ठोकळ्यापासून सोडवून पुन्हा जागेवर बसवली तेव्हा त्यांची मान आखडली होती, पण छाती जरा पुढे आली होती. मॅनेजर परत आले तेव्हा नानांनी त्यांना नुसतं, "झालं का दूध?" एवढंच विचारलं.

आता पार्सलची गोष्ट. पार्सल आलं तेव्हा नाना मलम आणायला गेले होते आणि नानी अंघोळीला. पार्सलवाल्याने बेल वाजवली असं तो म्हणतो. वाजवली नाही असं नानी म्हणते. पार्सल परत टपाल कचेरीत गेलं. नाना तिकडे गेले. खिडकीमागे एक कारकून होता. नानांना पाहिल्यावर त्याने आधी आपला डबा आवरला, मग टेबल पुसलं, मग विचारलं, "काय?"

नानांनी ओळखपत्र दिलं. कारकुनाने एक कागद पुढे केला. "सही करा."

नानांनी सही केली. कारकुनाने कागद उजेडात धरला.

"ही सही नाही."

"माझीच आहे."

"हे तुम्ही नाव लिहिलंय. छापल्यासारखं. सही वाकडीतिकडी असते."

आता नानांची सही हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. नकाशाच्या कोपऱ्यात असते तशी, सगळी अक्षरं एका उंचीची, वरची रेघ पट्टीने मारल्यासारखी. ती पाहून पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले साहेब नव्या मुलांना म्हणायचे, "याला म्हणतात अक्षर." आणि आज डब्याचा वास येणारा एक माणूस तिला वाकडी व्हायला सांगत होता.

"ओळखपत्रावर बघा. तिथेही अशीच आहे," नाना म्हणाले.

"तिथेही चुकलीच आहे," कारकून म्हणाला. मागे रांग वाढत होती. रांगेतल्या लोकांनी सल्ले सुरू केले. एक जण म्हणाला, डाव्या हाताने करा. एक बाई म्हणाली, डोळे मिटून करा, माझे सासरे तशीच करतात. मोठ्या साहेबांना भेटा, असंही कोणीतरी सुचवलं. मोठे साहेब रजेवर होते. शेवटी रविवार आठवून नानांनी मान खाली घातली आणि जन्मात पहिल्यांदा एक घाणेरडी सही केली. कारकुनाने ती ओळखपत्राशी ताडून पाहिली. ती अजिबात जुळत नव्हती. "आता कसं," तो म्हणाला आणि त्याने पार्सल दिलं.

घरी येऊन नानांनी खोकं उघडलं. नवा पंखा ठोकळ्यासकट आला होता आणि देखणा होता. बुडाचा तांब्याचा चौकोन आरशासारखा चमकत होता आणि त्याच्यावर एक पारदर्शक कागद घट्ट बसवलेला होता.

इथे या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट ज्या पिशवीत आला त्याच पिशवीत होता आणि पिशवीवरूनच बटणं दाबली जात. फ्रिजच्या दाराला कारखान्यातला निळा कागद अजून होता, कडेने जरा सुटलेला, पण होता. घड्याळाच्या काचेवरचं प्लॅस्टिक पिवळं पडून वेळ नीट दिसेनाशी झाली, तेव्हा नानीने प्लॅस्टिक न काढता शेजारी दुसरं घड्याळ लावलं. वस्तू नवी राहिली पाहिजे. कोणासाठी, हा प्रश्न तिथे अजून कोणी काढलेला नव्हता.

"यावर काहीतरी लिहिलंय बारीक," नाना म्हणाले.

"असू दे, कंपनीचं नाव असेल," नानी म्हणाली. "काढू नका हं. तांबं काळं पडतं लगेच."

नानांनाही ते पटलं. त्यांनी प्लॅस्टिक रुमालाने पुसून लख्ख केलं आणि त्यावर नवं मलम अगदी एकसारखं, कडेपर्यंत, पट्टीने पसरलं. मॅनेजर म्हणाले की त्यांचे एक नातेवाईक मलमाऐवजी टूथपेस्ट लावतात आणि त्यांचा संगणक उत्तम चालतो. नानांनी ते ऐकलं नाही, एवढं तरी त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

नव्या पंख्याला प्लॅस्टिकचे कान चालत नव्हते. त्याला, चकती ज्या हिरव्या पाटीवर बसते तिच्या मागून एक लोखंडी चौकट लावून चार स्क्रूंनी आवळायचं होतं, म्हणजे अख्खी पाटीच बाहेर काढणं आलं. पाटीला वायरींचं जंगल. पण इथे नाना आपल्या प्रांतात होते. त्यांनी आधी सगळ्या वायरींचा नकाशा काढला. पाण्याच्या नळाला निळी शाई वापरायचे तशी विजेच्या वायरीला लाल वापरली, कोपऱ्यात नाव आणि प्रमाण लिहिलं, आणि सवयीने उत्तर दिशेचा बाण काढला. संगणकाची उत्तर फ्रिजकडे होती. नकाशा इतका सुबक झाला की ते बराच वेळ नुसते त्याच्याकडे पाहत बसले. मग सगळं सुटं केलं, चौकट लावली, पंखा आवळला, आणि नकाशाबरहुकूम सगळं परत जोडलं. एकही स्क्रू उरला नाही. मॅनेजरांना ते जरा खटकलंच. "एखादा तरी उरतोच," ते म्हणाले.

बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही.

"गेलं," मॅनेजर म्हणाले.

पण पडद्यावर अक्षरं आली! नानांचा विश्वास बसेना. हा संगणक घुं घुं केल्याशिवाय कधी सुरूच झाला नव्हता. पंखा फिरतोय की नाही हे पाहायला त्यांनी बोट घातलं, आणि फिरतोय हे त्यांच्या बोटाला चांगलं कळलं. नवा पंखा मुका होता. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि उगाचच त्यांना चुकल्यासारखं झालं. तो जुना आवाज कटकटीचा होता खरा, पण संध्याकाळ झाल्याचं त्या आवाजावरून कळायचं.

नकाशांचा प्रोग्रॅम उघडला. घराचं नाव यादीत दिसलं. नानांनी त्यावर बाण नेला, आणि पडदा काळा झाला.

पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. नुसता ठेवला तर ठीक, नकाशा उघडायला गेलं की बंद. शनिवार यातच गेला. मॅनेजरांनी विजेचा दाब कमी आहे असं सांगितलं, नंतर जास्त आहे असं सांगितलं, मग घरातला फ्रिज बंद ठेवून पाहायला लावला, त्यात नानीचं दही नासलं. मग त्यांनी टेबलफॅन आणून संगणकावर सोडायला सांगितलं. टेबलफॅनच्या वाऱ्याने गॅस विझला. नानीने काडेपेटी आपटून गॅस पुन्हा पेटवला, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

रविवारी सकाळी नानांनी फोन हातात घेतला. बेबीला येऊ नको म्हणून सांगायचं होतं. शब्द जुळवत ते उभे होते. 'अगं, तो नकाशा काही फारसा चांगला नव्हता,' असं म्हणावं, की 'आर्किटेक्ट म्हणतो ते बरोबर असेल,' असं म्हणावं? संगणक ओट्यावर शेवटचा एकदा सुरू होऊन तापत होता आणि नानी शेजारी भाजी चिरत होती. तिने अचानक नाक वर केलं.

"प्लॅस्टिक करपतंय."

"कुठे? मला काही वास येत नाही."

"तुम्हाला पोळी जळाली तरी येत नाही. मी सांगते ना, प्लॅस्टिक करपतंय. यातून येतंय."

बटण बंद केलं. स्क्रू काढले. ठोकळा उचलला. नानांच्या एकसारख्या पसरलेल्या मलमाखाली ते पारदर्शक प्लॅस्टिक सुरकुतून बसलं होतं, आणि मलम पुसून भिंग धरल्यावर त्यावरची बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. बसवण्याआधी हे काढून टाका, असं तिथे इंग्रजीत लिहिलं होतं. उष्णता तांब्यापर्यंत पोचतच नव्हती. मध्ये या घराची शिस्त आडवी आली होती.

नानांना हसू यायला लागलं होतं, पण नानीचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. तिने पदराला हात पुसले, नखाने कोपरा धरला आणि ते प्लॅस्टिक स्वतःच सोलून काढलं. लग्नानंतर पहिल्यांदा. "आता काळं पडलं तर मला सांगायचं नाही," ती म्हणाली.

नानांनी उरलेलं मलम तांब्यावर लावून पंखा पुन्हा आवळला. बेबी आली तेव्हा संगणक ओट्यावर उघडावाघडा चालू होता, कारण नवा पंखा उंच असल्याने पत्रा लागत नव्हता. नाना नळाजवळ उभे होते. मॅनेजर दारात उभे होते.

"आई, संगणक ओट्यावर काय करतोय?"

"मला नको विचारू. मी हल्ली हॉलमध्ये राहते."

नानांनी नकाशावर बाण नेला. कोणी श्वास घेतला नाही. पडदा काळा झाला नाही. मग एक पांढरी रेघ उमटली, मग दुसरी, मग भिंती, मग दारं, आणि ते घर हळूहळू पुढे आलं. बेबीने तोंडावर हात ठेवला. "अय्या बाबा, सशाची खोली!" ससा त्यांच्याकडे कधीच नव्हता. घरात सशाची खोली होती, पुस्तकांची खोली होती, वर जाणारा एक जिना होता आणि तो सरळ भिंतीत जात होता, कारण वरचा मजला पुढच्या सुट्टीत काढायचा राहून गेला होता. नानांना ती सुट्टीसुद्धा आठवली. बेबीला गोवर आला होता.

नानी चष्मा लावून पडद्यावर काहीतरी शोधत होती. "आणि यात मी कुठे आहे?"

बेबीने शोधलं. स्वयंपाकघराच्या चौकोनात 'आई' असं लिहिलेलं सापडलं.

"म्हणजे तेव्हाच ठरलं होतं तुमचं."

"आई, मी लहान होते गं तेव्हा!"

"तू लहान होतीस. हे नव्हते लहान."

नानांनी घाईघाईने बाण खिडकीवर नेला. बैठक तिथे होती. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि खाली माप, नानांच्या त्या सरळ अक्षरात.

"हीच!" बेबी म्हणाली. "मी तेव्हा किती भांडले होते तुमच्याशी. मी आडवी झाले तर माझे पाय अर्ध्यातच संपतात म्हणून. तुम्ही म्हणालात, वाढत्या अंगाची काढली आहे."

नानांना आठवलं. त्या काळी सगळंच वाढत्या अंगाचं असायचं. बेबीचे फ्रॉक खाली दुमडून शिवलेले, बुटांच्या पुढच्या टोकाला कापूस, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या. मग खिडकी तरी तिच्या त्या वेळच्या मापाची कशाला काढायची? एकदाच काय ते घर बांधायचं.

"आता काही वाढायची राहिले नाही मी," बेबी म्हणाली. "मोजा की."

आणि ती हॉलमधल्या फरशीवर खरंच आडवी झाली. नानांनी टेप आणली, टाचेशी नानीने धरली, डोक्याशी नानांनी. माप घेतलं. ते पडद्यावरच्या मापाशी जुळत नव्हतं. नानांनी पुन्हा घेतलं, पुन्हा तेच आलं. बैठक बेबीपेक्षा बरीच लांब होती.

नाना फरशीवरच बसले. "अंदाज चुकला माझा," ते म्हणाले. "तू माझ्या उंचीची होशील असं धरलं होतं मी. तू आईवर गेलीस."

"घ्या, हेही माझ्यावरच," नानी म्हणाली.

नानांनी टेप गुंडाळली. त्यांना हे बोलायला फार जड गेलं, पण माप खोटं सांगायची त्यांना सवय नव्हती. "तुझा आर्किटेक्ट बरोबर म्हणतोय बेबी. पायाशी एवढी जागा उरते. फुकट जाईल ती. कापायला सांग त्याला."

बेबी तशीच पडून होती. तिने मान उचलून आपल्या पायांपुढच्या त्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी ती होती.

"फुकट कशी जाईल?" ती म्हणाली. "तिथे तुम्ही बसायचं ना. मी लोळत वाचणार आणि पायाशी तुम्ही."

नानांनी टेप पुन्हा उलगडून ती मोकळी जागा मोजली. मग त्यांनी कचेरीत नव्या ड्राफ्ट्समनला विचारायचे त्या आवाजात विचारलं, "त्या टोकाला पाठ टेकायला भिंत आहे का?"

"आर्किटेक्टने काच दाखवलीय तिथे."

"काच? पाठीला काच?" नाना उठून उभे राहिले. "उद्या कधी भेटणार आहेस त्याला?"

"सकाळीच. तुम्ही येताय?"

"येतो," नाना म्हणाले. "फोनवर सांगून त्याला कळायचं नाही."